मागची खोली मागून घ्या: फोंतेन्यासमधल्या एका जुन्या घरातला मुक्काम

पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीत राहायला जाणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगते. घर उत्तम, जिना त्रासदायक, न्याहारी बरी, आणि वरच्या मजल्यावरच्या एका न्हाणीघराने त्या घराचे वाटोळे चालवले आहे. रस्त्याकडची बाल्कनीवाली खोली सगळे मागतात. तुम्ही मागची मागा. कारणे पुढे आहेत, जरा लांबतील.

मी बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. त्यामुळे कुठेही मुक्कामाला गेले की आधी छत बघते, मग भिंतीचा तळ, आणि चादरी सगळ्यात शेवटी. ज्यांना चादरींचेच वाचायचे आहे त्यांच्यासाठी: स्वच्छ होत्या, सुती होत्या, एकीला बारीक ठिगळ होते. सोबत माझ्या थोरल्या नणंदबाई, माई. त्या लहानपणी इथून हाकेच्या अंतरावर, मळा नावाच्या वाड्यात, मारुतीच्या देवळाखाली भाड्याच्या जागेत राहायच्या. आता फोंड्याला आमच्याकडे असतात. गुडघ्यांची तक्रार आहे, पण जिभेची नाही.

घराचे नाव देत नाही. मालकीणबाईंनीच नको म्हटले; दारात फोटोवाल्यांची गर्दी आधीच पुरेशी आहे. शिवाय पुढे मी तक्रारी करणार आहे. खाडीच्या रस्त्याकडून सांव सेबास्त्यांवच्या कपेलाकडे (छोट्या चर्चकडे) जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत ते आहे, एवढे पुरे.

आधी जागेबद्दल, कारण त्याशिवाय घर कळत नाही. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेंची खाडी, आणि मध्ये जमिनीची एक अरुंद पट्टी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या एका सिकेरा नावाच्या गृहस्थांची माडांची बाग होती. १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुन्या गोव्यातून पणजीला राहायला आले, मागोमाग कारकून, अधिकारी, व्यापारी आले, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. लोक वाढले, पट्टी तेवढीच राहिली. मग घरे एकमेकांना चिकटून उभी राहिली: रस्त्यावर तोंड लहान, मागे लांबच लांब. आमचे घर समोरून जेमतेम पाच मीटर रुंद आहे आणि मागे टेकडीच्या चिऱ्यापर्यंत (जांभ्या दगडापर्यंत) त्याच्या चौपट गेले आहे. फोंड्याकडच्या घरांसारखे चारी बाजूंनी मोकळे, मधोमध राजांगण, असे इथे जमणारच नव्हते. उजेड पुढून आणि मागून, एवढाच.

ही अडचण फक्त पणजीची नव्हे. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला गेलेला आहे. त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने आगगाडीने बाथ शहरात नेले आणि रॉयल क्रेसेंट दाखवले. चंद्रकोरीसारख्या वळणावर एकमेकांना जोडलेली ३० घरे, १७६७ ते १७७५ या काळात बांधलेली, वास्तुविशारद धाकटा जॉन वुड. म्हणजे आपल्याकडे व्हाइसरॉयचे बिऱ्हाड पणजीत स्थिरावत होते त्याच सुमारास. जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातली म्हणून ती जॉर्जियन घरे. पहिल्या क्रमांकाच्या घरात आता संग्रहालय आहे. आतून बघता येते. बाकीचे पाहुणे झुंबरे बघत होते, मी जिन्याखाली डोकावत होते.

तिथली एक गोष्ट मला फार आवडली. वुडने फक्त समोरचा भाग आखून दिला. पिवळसर दगड, आयोनिक खांबांची रांग, सगळे एकसारखे. त्यामागे ज्याने त्याने आपापला माणूस लावून हवे तसे घर बांधून घेतले. त्यामुळे पुढून बघावे तर राजवाडा, मागे जावे तर कुणाची भिंत पुढे, कुणाची मागे, छपरांचा आणि धुराड्यांचा गोंधळ. फोंतेन्यासला याच्या बरोबर उलटे आहे. पुढून प्रत्येकाचा रंग वेगळा, कठडा वेगळा, खिडकीवरची नक्षी वेगळी. आत शिरलात की सगळ्यांचा आराखडा जवळपास तोच. रस्त्याला लागून दार, सामाईक भिंतीला टेकून जिना, वर पुढे साला म्हणजे बैठकीची खोली, मध्ये अंधारी जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि विहीर.

रंगांबद्दल थोडे. पोर्तुगीज अमदानीत पावसाळा सरला की घर रंगवून घ्यावे लागे, आणि पांढरा शुभ्र रंग चर्च-कपेलांसाठी राखलेला असे. म्हणून गल्लीत निळे, गेरू, हिरवे, पिवळे, आणि खिडक्यांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. बाथला उलट तऱ्हा. तिथे २२ क्रमांकाच्या घरातल्या एका बाईंनी १९७० च्या दशकात आपले पुढचे दार पिवळे रंगवले, तर नगरपालिकेने नोटीस काढली. बाई भांडल्या आणि जिंकल्या. दार आजही पिवळे आहे. हे माईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, "दारासाठी कोर्टात? हांगा तर भाड्यासाठींच जाताले."

आता आमच्या घराचा समोरचा रंग. गेरूसारखा, फोटोत झकास येतो. पण तो चुन्याचा रंग नाही, डब्यातला प्लास्टिकसारखा आहे, आणि पावसाने त्याला पायापासून कंबरेपर्यंत फोड आले आहेत. नखाने टोचले की पापुद्रा निघतो, आत ओली पूड. हे फोंतेन्यासमध्ये घरोघर दिसेल. चिरा हा सच्छिद्र दगड. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात खाडी शेजारी. पाणी जमिनीतून भिंतीत चढणारच. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला तो शोभेसाठी नव्हे. चुना ओल आत घेतो आणि ऊन पडले की सोडून देतो. दरवर्षी रंग द्यायची सक्ती होती तेव्हा चुन्याचा एक पातळ हात बसे आणि भिंत पुन्हा वर्षभर श्वास घ्यायला मोकळी. सिमेंट किंवा तो डब्यातला रंग फासला की ओल आतच कोंडते, मिठाचे कण वर येतात, आणि भिंतीला लोणा लागतो.

मालकीणबाईंना हे ठाऊक आहे. मागच्या निम्म्या घराला त्यांनी अजून चुनाच ठेवला आहे. पुढचा रंग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे "पाहुण्यांसाठी". मागच्या भिंतीला हात लावून बघा. गार आणि कोरडी. पुढची गार आणि चिकट.

सामाईक भिंतीची गोष्ट त्याहून मोठी. ओळीतल्या घराला स्वतःच्या भिंती दोनच, पुढची आणि मागची. बाजूच्या दोन शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या. तुमच्या मजल्याच्या तुळया त्या भिंतीत एका बाजूने शिरतात, शेजाऱ्याच्या दुसऱ्या बाजूने. लंडनमध्ये १६६६ च्या मोठ्या आगीनंतर या भिंतीवर सगळ्यात कडक नियम आले: ती विटांची किंवा दगडाची हवी, अमुक जाडीची हवी. पुढे १७७४ च्या कायद्याने तर घरांच्या चार प्रती ठरवून प्रत्येकीची भिंत किती जाड ते लिहूनच दिले. आगीच्या भीतीने खिडकीच्या लाकडी चौकटीसुद्धा भिंतीच्या तोंडापासून आत सरकवायला लावल्या. लिस्बनमध्ये १७५५ च्या भूकंपानंतर हेच झाले, तिथे भिंतीत लाकडी सांगाडा घालून एकसारख्या चाळी उठवल्या. आपल्याकडे कायद्यापेक्षा शेजारधर्मावर काम चालले.

आणि तो धर्म हल्ली पातळ झाला आहे. आमच्या घराच्या डाव्या शेजाऱ्याने आपली बाजू पाडून आतून काँक्रीट केले आणि सामाईक भिंतीला त्याच्या अंगाने सिमेंट थापले. भिंतीची त्याच्याकडची वाट बंद झाली, तेव्हा सगळी ओल आता इकडे बाहेर पडते. जिन्याच्या कडेला हातभर उंचीपर्यंत पांढरी भुकटी दिसेल ती हीच. मालकीणबाई दर वर्षी खरवडून पुन्हा चुना देतात. घर त्यांचे, पैसे त्यांचे, चूक भिंतीपलीकडची. खोलीच्या भाड्यात हे कुणाला दिसत नाही, म्हणून लिहिले.

जिना खडा आहे. लाकडी, अरुंद, पायऱ्या उंच. रुंदी पाच मीटरच असल्यावर जिन्याला किती देणार? बाथच्या घरांतही जिना एका बाजूला सारलेला असतो. मात्र तिथे मालकांसाठी रुंद आणि नोकरांसाठी वेगळा कोंदट जिना, अशी सोय असते. इथे सगळ्यांना एकच. माई बाजूला बसून बसून चढल्या. गुडघेदुखी असेल तर वरच्या खोल्यांचा नाद सोडा. खाली एक खोली आहे, पण ती पूर्वी कोठार होती आणि अजून कोठारासारखीच वाटते.

कष्ट सोसून वर गेलात तर खरे घर तिथे आहे. खालचा मजला ठेंगणा, वरचा चांगला उंच. ही युक्ती दोन्हीकडे सारखी: पाहुण्यांची जागा जमिनीपासून वर, मोठ्या खिडक्यांची. कारणे मात्र वेगळी. तिकडे रस्त्याचा चिखल आणि चाकरमाणसे खाली, तळघरात स्वयंपाकघर, कोळसा. इकडे तळघर खणले तर खाडीच घरात यायची. स्वयंपाक मागे गेला तो धुरामुळे. घर तापवायची गरज नाही, तेव्हा भिंतीत धुराडी नाहीत, आणि म्हणून सामाईक भिंत इथे सपाट आणि कोरी राहिली. तिच्यावर देवघर, तसबिरी, कपाट, हवे ते येते.

सालाला, म्हणजे सगळे मागतात त्या बाल्कनीवाल्या खोलीला, रस्त्याकडे जमिनीपर्यंत येणाऱ्या तीन खिडक्या आहेत, दारच म्हणा, आणि बाहेर बिडाच्या कठड्याची वीतभर बाल्कनी. दोघींना एकत्र उभे राहता येत नाही. तीनपैकी दोन खिडक्यांत काच आहे. तिसरीत अजून शिंपले आहेत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले अर्धपारदर्शक चौकोनी तुकडे, बोटभर लांबीचे. त्यातून उजेड दुधासारखा येतो, ऊन येत नाही, बाहेरच्याला आतले दिसत नाही. तुकडे लहान का, तर शिंपलाच तेवढा मिळतो. बाथच्या सरकत्या खिडक्यांत चौकोनी लहान लहान तावदाने का, तर तेव्हा काच फुंकून, गरगर फिरवून थाळीसारखी करत आणि तिच्यातून तुकडे कापत. मोठे तावदान निघतच नसे. माल लहान, म्हणून नक्षी लहान. नंतरच्या लोकांनी तिला शैली म्हटले. इंग्रजांकडे तर १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवल्या. तसला कर आपल्याकडे असता तर गोव्यातली निम्मी घरे लिलावात गेली असती.

हा शिंपला झुआरीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत अजून जिवंत सापडतो, पण तो काढून खिडक्या भरण्याचे दिवस गेले आणि ते योग्यच आहे. तेव्हा फुटला तर दुसऱ्या पाडलेल्या घरातून मिळवायचा. मालकीणबाईंनी बिस्किटांच्या डब्यात थोडे जमवून ठेवले आहेत. डबा मला दाखवला. त्या क्षणी मी त्यांना न्हाणीघर माफ करणार होते.

पण न्हाणीघर माफ करण्यासारखे नाही. सालाच्या कोपऱ्यात, लाकडी मजल्यावर, प्लायवूड, त्यावर सिमेंट, त्यावर फरशा, आणि पाण्याची मोरी. खाली मत्तीच्या लाकडाच्या तुळया. पाण्याला वाट सापडली की ते फरशीच्या सांध्यातून उतरते आणि तुळईचे भिंतीतले टोक भिजवते. नेमके तेच टोक सगळा भार घेते. खाली न्याहारीच्या टेबलावर बसून वर बघा: तपकिरी डाग आहे, कडा ओली आहे. आणखी चार-पाच पावसाळे असेच गेले तर डागाऐवजी भोक असेल.

त्याच खोलीची दुसरी खोड म्हणजे वातानुकूलन. सालाला लाकडी फळ्यांचे छत आहे आणि कडेने जाळीदार कातरकाम. गरम हवा त्या भोकांतून कौलांखाली जाते आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर. कौले मंगळुरी, बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना घातला तेव्हापासून ती किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. खाली कसलाच कागद नाही, म्हणून छप्पर फुंकर घातल्यासारखे हलके हवेशीर राहते. यंत्राची थंडी वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी ती सगळी भोके चिकट मसाल्याने बुजवली. आता यंत्र चालू असेल तेवढा वेळ गारवा, बंद केले की कुबट वास आणि फळ्यांवर बुरशीचे ठिपके. भाडे सगळ्यात जास्त या खोलीचे.

मागच्या खोलीला यंत्र नाही, पंखा आहे. छत उघडे, वासे आणि रीप दिसतात, दोन काचेची कौले. खिडकी मागच्या अंगणावर उघडते: कोपऱ्यात विहीर, आणि पलीकडे टेकडीचा कापलेला चिरा, नेच्यांनी भरलेला. टेकडीचे पाणी तिथे बाराही महिने पाझरते. ते वाहून न्यायला जुन्या लोकांनी चिऱ्यातच उघडी पाट खोदली आहे, घराच्या पोटाखालून रस्त्याच्या गटारात जाते. बहुतेक घरांनी अशी पाट फरशीखाली गाडली आणि मग ओल कुठून येते म्हणून कंत्राटदार बोलावले. या बाईंनी ती उघडी ठेवली, झाडून घेतात. मला या घरातले सगळ्यात चांगले बांधकाम तेच वाटले. रात्री मी डासांच्या भीतीने खिडकी लावायला उठले तर अंथरुणातून आवाज आला, "जनेल धांपूं नाका गो, वारें येवं दी." मच्छरदाणी आहे. मागून घ्या.

आवाजाचे सांगायला हवे. लाकडी मजला आहे. वरचा चालला की खालच्याला कळते, शेजारचा शिंकला की सगळ्यांना. ज्यांना शांतता म्हणजे निर्वात लागते त्यांनी मिरामारकडे काँक्रीट बघावे.

न्याहारीला पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, अंडी, लोणी, पपई. सोमवार होता, माईंना अंडे चालत नव्हते. स्वयंपाकीणबाईंनी न कुरकुरता पातळ भाजी करून दिली आणि नारळ घालून चांगली केली. कॉफी पाणचट.

गाडी गल्लीत नेऊ नका. खाडीकाठच्या रस्त्यावर लावा आणि चालत या. सकाळी साडेआठनंतर दारासमोर कुणी ना कुणी लग्नाआधीचे फोटो काढत असते. शेजाऱ्यांनी 'फोटो काढू नये' असे फलक लावले आहेत, त्यांच्याच खाली उभे राहून काढतात. फोंतेन्यास हे युनेस्कोच्या यादीत आहे असे तुम्हाला हमखास सांगितले जाईल. यादीत आहेत ती जुन्या गोव्यातली चर्चे आणि मठ, १९८६ पासून. ही घरे आपापल्या मालकांच्या खिशावर उभी आहेत. पावसाळ्यात भाडे बरेच उतरते, आणि घर कसे चालते ते बघायला तोच हंगाम.

निघताना मी बिलाच्या पाठीवर न्हाणीघर खाली, कोठाराच्या मागच्या बाजूला, चिऱ्याच्या जमिनीवर कसे नेता येईल ते काढून दिले. नळ विहिरीच्या भिंतीकडून, मैल्याची वाट पाटेपासून लांब, आणि पाट तशीच उघडी. मालकीणबाईंनी चष्मा लावून नीट बघितले, मग विचारले की मग वरच्या पाहुण्यांनी रात्री जिना उतरायचा का. माई म्हणाल्या, "आमी उतरतालीं न्हय!" काम पावसाळ्याआधी करू असे बाई म्हणाल्या आहेत. झाले असेल तर न्हाणीघराचा वरचा परिच्छेद रद्द समजावा. वातानुकूलनाचा नाही.